साक्षीचा पहिला हात

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी एवढी माणसं कोंबलेली असायची की खाली मांडलेल्या सोफ्यांवर छताचा चुना पडायचा. दुकानदार तक्रार करत नसे, कारण तोही वर रांगेतच असायचा. खुर्च्या संपल्या की लोक जिन्यात बसत, जिना भरला की खाली फुटपाथवर. आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात औषधांची पिशवी. कोणाची रक्तदाबाची, कोणाची साखरेची, कोणाची हृदयाची. व्यासपीठासमोर निळं प्लास्टिकचं पिंप ठेवलेलं असे, त्याला मुक्तिपात्र म्हणायचं. यंत्राने 'गरज उरली नाही' म्हटलं की पिशवी त्या पिंपात टाकायची आणि मोकळ्या हातांनी घरी जायचं. मग बराच वेळ टाळ्या पडत.

यंत्राचं नाव साक्षी. काळ्या लाकडाची पेटी, तिच्यावर तळहाताएवढी तांब्याची पट्टी, बाजूला काचेचा छोटा पडदा. पट्टीवर हात ठेवायचा, गुरुजी बटण दाबणार, पेटी जरा गुणगुणणार आणि पडद्यावर तुमच्या देहाचा निकाल उमटणार. लोक त्याला गुरुजी म्हणत. मी खोकेवाला म्हणायचे, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

खोकेवाल्याची टकळी ऐकण्यासारखी होती. "डॉक्टर काय बघतो? रक्त. रक्त म्हणजे शेवटी पाणीच ना? पाण्याला काय कळतंय? साक्षी लहरी ऐकते. तुमची पेशी न् पेशी रात्रंदिवस बोलत असते, फक्त ऐकणारा कोणी नव्हता." लोक माना डोलवायचे. लहर कसली, किती, मोजली कशाने, असं कोणी विचारलंच तर तो डोळे मिटून घ्यायचा. डोळे मिटलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायला आपल्याकडे लोकांना संकोच वाटतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिथे दोन नियम होते. पहिला असा, की सत्र सुरू व्हायच्या आधी साक्षीला मौन द्यायचं, म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करून तिला थोडा वेळ गप्प ठेवायचं. मौनानंतर जो सगळ्यात आधी बसेल तो 'पहिला हात'. त्याचा निकाल सगळ्यात शुद्ध. घरात खरंच मोठं दुखणं असलेली माणसं त्या एका जागेसाठी उजाडायच्या आधीपासून जिन्यात बसून राहायची. दुसरा नियम याहून कडक. आपला निकाल आपण आणि घरच्यांनीच वाचायचा, बाहेर कोणाला सांगायचा नाही. सांगितला की उतरतो. त्यामुळे शेजारी बसलेल्या दोन बायका एकमेकींची सगळी उणीदुणी बोलायच्या, पण साक्षीने काय सांगितलं यावर अळीमिळी गुपचिळी.

माझ्या धाकट्या बहिणीला पहिला हात मिळाला. आईने त्यासाठी कितीतरी रविवार जिन्यात काढले होते. धाकटीला लहानपणापासून फिट्स येतात. गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या, कॉलेज झालं, नोकरी लागली. पण गोळ्यांनी तिला गुंगी यायची, वजन वाढायचं, आणि डॉक्टरांनी स्कूटर चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. तिच्या मैत्रिणी भुर्रकन निघून जायच्या आणि ही बसस्टॉपवर. हॉलमधून परत आली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती. आईचा चेहरा उजळलेला. काय निकाल आला, दोघींपैकी एकीनेही मला सांगितलं नाही. गोळ्या बंद, एवढं कळलं.

मी आकांडतांडव केलं. असं औषध एकदम सोडलं तर जीव जाऊ शकतो, डॉक्टरांनी किती वेळा सांगितलंय, हे ओरडून सांगितलं. धाकटी म्हणाली, मी आता लहान नाही, माझं तोंड माझं. आई शांतपणे म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाली ना? मग सांग, ते यंत्र कसं चालतं. आत काय होतं?" मी नुसतं 'थोतांड आहे' एवढंच म्हणत राहिले. "नाही ना सांगता येत? मग ज्यांना येतं त्यांचं ऐकू दे आम्हाला."

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी दुकानांच्या बिलांचे प्रोग्राम लिहायची. पडद्यावर चौकट काढ म्हटलं की चौकट यायची, बेरीज कर म्हटलं की बेरीज. ती कोण करतं, कशी करतं, हे मी कधी बघितलं नव्हतं. हॉटेलात बसून ताट मागवणारी मी, मुदपाकखान्याचं दार कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं.

म्हणून मी बाईंकडे गेले. तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या, सायकलच्या दुकानामागच्या खोलीत शिकवणी घेणाऱ्या. तोंडाने फटकळ. का शिकायचंय विचारलं. म्हटलं, एका माणसाला आडवा करायचाय. बाई म्हणाल्या, "बरं. मार्कांसाठी येणाऱ्यांपेक्षा बरं कारण आहे."

त्यांनी मला नखाएवढी, बारीक धातूचे पाय असलेली चिप दिली आणि म्हणाल्या, आजपासून तुझी लाडाची भाषा विसर. हिला वाक्यं कळत नाहीत. हिला आकडे कळतात. एका आकड्याचा अर्थ 'उचल', दुसऱ्याचा 'ठेव', तिसऱ्याचा 'मिळव', चौथ्याचा 'शून्य आलं तर तिकडे उडी मार'. बस. जगातलं सगळं सोंग या चार-दोन कामांवर उभं आहे. मी एक दिवा लुकलुकवायला शिकले आणि त्यात अख्खा आठवडा गेला. मग बटण दाबलं की दिवा. बटण दाबलं तरी दिवा लागेना, तेव्हा बाई माझ्या डोक्यावर उभ्या. "बटणाची तार जोडलीस त्या पायाकडे बघ असं तू तिला सांगितलंस का? नाही ना? मग तिला स्वप्न पडणार आहे? तार जोडली म्हणजे ऐकू येतं असं नसतं. चिपला ज्या पायाकडे बघायला सांगशील त्याच पायाकडे ती बघते. बाकीच्या पायांवर वीज पडली तरी तिला पत्ता नसतो."

नंतर मी फासा केला. बटण दाबलं की एक ते सहामधला कुठलाही आकडा. मोठ्या ऐटीत बाईंना दाखवला. त्यांनी बटण दाबलं, मग वीज काढली, परत लावली, परत दाबलं. परत काढली, परत लावली. दर वेळी आधी चारच. मग दोन. मग पुन्हा दोन, मग सहा. तोच क्रम, तस्साच. बाई हसत सुटल्या. त्यांनी समजावलं की चिपला मनात येईल तो आकडा सांगता येत नाही, कारण तिला मन नाही. ती आधीच्या आकड्याला गुणते, त्यात काही मिळवते, भागून उरेल ते पुढचा आकडा म्हणून खपवते. सुरुवातीचा आकडा तू दर वेळी तोच दिलास, म्हणून दर वेळी तीच वरात. नवशिके सगळे हीच चूक करतात, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात धाकटी न्हाणीघरात पडली. नळावर कपाळ आपटलं, जीभ दातांखाली आली. मी दार तोडून आत गेले तेव्हा पाणी वाहत होतं आणि ती त्या पाण्यात थडथडत होती. नाक जमिनीकडे असतं तर बुडाली असती, तेवढ्याशा पाण्यात. दवाखान्यात टाके घातले, गोळ्या परत सुरू करा म्हणून सांगितलं. आई तिला तिथून सरळ हॉलमध्ये घेऊन गेली. खोकेवाला म्हणाला, "रोग जाताना दार आपटून जातो. आता गेला." शिवाय येत्या रविवारी मोठा मेळावा आहे, त्यात लेकीने पुन्हा पहिला हात ठेवावा आणि घरात उरलेल्या गोळ्या सगळ्यांसमोर पात्रात सोडाव्यात, म्हणजे इतरांनाही बळ येईल. त्यानंतर तिने खुशाल स्कूटर चालवावी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली. समजूत घालणं, चर्चा, हे सगळं मी त्या क्षणी सोडून दिलं. मला त्या माणसाचा सूड हवा होता. त्याच्याच माणसांसमोर, त्याच्याच खोक्याने. आणि तोही रविवारीच, कारण सोमवारी धाकटी रस्त्यावर स्कूटर घेऊन निघणार होती.

खोकं घरातच होतं. मोठ्या साक्षीची 'घरगुती' धाकटी बहीण आईने कपाटावर आणून ठेवली होती. आई बाजारात गेली तशी मी ते पिशवीत घातलं आणि बाईंच्या टेबलावर नेऊन उलटं केलं. स्क्रू काढले. आत माझ्याच चिपची सख्खी जुळी. मी शिकत होते ती, नखाएवढी. बाकी पेटी रिकामी, वजन यावं म्हणून तळाला एक लोखंडाचा तुकडा चिकटवलेला.

पण तांब्याच्या पट्टीची तार चिपच्या पायाला व्यवस्थित जोडलेली होती. माझा धीरच सुटला. मला वाटलं होतं, तार नुसती लोंबकळत असेल. म्हणजे खरंच काही ऐकतं की काय हे? बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तार जोडली म्हणजे काय होतं?" मग आम्ही चिपमधला प्रोग्राम बाहेर काढला. कुलूप घालायची पद्धत असते, पण घालणाऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. आकड्यांच्या ओळीच्या ओळी. मी एकेक आकडा उलगडत गेले. उचल, ठेव, मिळव, उडी मार. बाईंनी एकदाही मदत केली नाही. नुसत्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

त्या अख्ख्या प्रोग्राममध्ये 'त्या पायाकडे बघ' असं कुठेही नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. नव्हतंच. चिप एकाच पायाकडे बघत होती, बटणाच्या. बटण दाबलं की आधीच्या आकड्याला गुणायचं, काही मिळवायचं, उरेल त्या नंबरचं वाक्य पडद्यावर टाकायचं आणि जरा गुणगुणायचं. माझाच फासा होता तो. आणि सुरुवातीचा आकडा? कायमचा एकच. नवशिक्याचीच चूक.

मग मी वाक्यं वाचली. तीही आकड्यांतच लिहिलेली असतात, एकेका अक्षराला एकेक खूण. बहुतेक बिनबुडाची: मीठ कमी करा, सकाळी चालावं, तिखट टाळा. आणि वीज लावल्यावर सगळ्यात आधी ज्याची पाळी येते ते वाक्य असं होतं: 'मूळ सुटलं. देह निर्मळ. औषधाची गरज उरली नाही.'

मी ते बघत बसले. धाकटीने त्या हॉलमध्ये पाऊल टाकायच्या कितीतरी आधीपासून ते वाक्य तिथे वाट बघत बसलं होतं. तिच्याच नाही, मौनानंतर बसणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तेच. आणि त्या जागेसाठी जीव टाकायचं कोण? ज्याच्या घरात सगळ्यात मोठं दुखणं तोच. औषधावाचून जे मरतील नेमके तेच त्या खुर्चीत येऊन बसत होते. मला रडायला आलं नाही. मला खोकेवाल्याचा गळा धरावासा वाटला, आणि हे मी बाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "गळा धरलास तर तो हुतात्मा होईल. त्याचं मौन धर."

रविवार उजाडला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मौन झालं, खोकेवाल्याने स्वतःच्या हाताने बटण चालू केलं आणि धाकटीला बोलावलं. कपाळावरच्या टाक्यांसकट ती पट्टीवर हात ठेवून बसली. पडदा तिने आणि आईने वाचला. आईने डोळे पुसले. तोच निकाल पुन्हा आला होता, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. धाकटीने उरलेल्या गोळ्या पिंपात सोडल्या. टाळ्या पडल्या, पण ती मात्र पडद्याकडे वळून वळून बघत होती.

दुसऱ्या पाळीला एक निवृत्त बसड्रायव्हर उठले. धिप्पाड माणूस, छातीवर हात. मी खुर्चीवर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काका, तुम्हाला येणार, डाव्या बाजूला जडपणा, मीठ कमी करा."

खोकेवाला हसला. पोरीला दुःख झालंय, तिला बसवा, म्हणाला. काकांनी हात ठेवला, बटण दाबलं गेलं. काका पडद्यावर वाकले आणि तसेच वाकून राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्षर न् अक्षर."

तिसरी बाई शिवणकाम करणारी, अख्ख्या गल्लीशी भांडण असलेली. मी सांगितलं, मनात जुना राग साठलाय, रोज सकाळी चालावं. तिने वाचलं आणि ती खाली बसली. मागून कोणीतरी म्हणालं, हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे. चौथ्याला पोटात उष्णता, तिखट टाळा. तेही तस्संच आलं. मी खोकेवाल्याकडे बघत होते. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मला तो बघून फार बरं वाटलं.

पण माणूस मुरलेला. त्याने दोन्ही हात वर केले. "बघितलंत ना? साक्षी आज पेटी सोडून माणसात उतरली. या, बाळ, वर या. माझ्या शेजारी बसा." आणि स्वतःच्या हाताने खुर्ची ओढली.

मी वर गेले आणि काय होऊन बसलंय ते मला तेव्हा उमजलं. लोकांनी माझ्याकडे बघून हात जोडले होते. एका बाईने तान्हं पोर माझ्या पायावर घातलं. आई रडत पुढे आली, मला वाटलंच होतं, म्हणाली, लहानपणापासून तुझ्यात काहीतरी वेगळं होतं. काल हीच आई मला शिकलेली गाढव म्हणत होती.

खोटं कशाला बोलू, मोह झाला. माझ्या एका शब्दाचा प्रश्न होता. 'धाकटे, गोळ्या घे' म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे गिळल्या असत्या. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण आज माझ्या तोंडून देव बोलला म्हणून गिळेल, उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून बोलला की थुंकून टाकेल. शिवाय खोकेवाला माझ्या शेजारी खुर्चीत बसलेला मला नको होता. मला तो खाली हवा होता, जमिनीवर.

मी आईला म्हटलं, भिंतीवरचं बटण बंद कर आणि परत चालू कर. एरवी तिने त्याला हातही लावला नसता. माझ्या अंगात आलंय असं वाटत होतं म्हणून तिने ऐकलं. एवढा फायदा मी घेतला, नाकारत नाही. पेटी विझली, पुन्हा लागली.

"आता पट्टीवर हात नको," मी म्हटलं. "चप्पल ठेवा कोणाचीतरी."

हॉल एकदम चरकला. आई मागे सरली. खोकेवाला ओरडला, विटाळ होईल, यंत्र कायमचं मुकं होईल, आणि पेटीकडे झेपावला. ड्रायव्हरकाकांनी त्याचं मनगट धरलं. धरूनच ठेवलं. आणि धाकटी, जी इतका वेळ पिंपाशी उभी होती, तिने पायातली चप्पल काढली, वर आली आणि तांब्याच्या पट्टीवर ठेवली, तळव्याची बाजू खाली. मी बटण दाबलं. पेटी गुणगुणली.

धाकटीने पडद्यावरचं वाचलं. पहिल्यांदा मनात. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द तोडून:

"मूळ सुटलं. देह निर्मळ. औषधाची गरज उरली नाही." ती आईकडे वळली. "माझा निकाल आहे हा, आई. दोन्ही वेळा हाच आला होता. आता चपलेला आलाय."

मग जिन्याजवळ उभी असलेली एक बाई, पन्नाशीची, हातात रिकामी कापडी पिशवी, हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांनाही हाच आला होता. पहिला हात होता त्यांचा. रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. आता त्यांची वाचा गेलीय." तिच्या पलीकडून कोणी म्हणालं, माझ्या वडिलांनाही. मग खिडकीपाशी एकजण. मग दुकानदार. ज्याच्या त्याच्या घरातला पहिला हात उठून उभा राहायला लागला, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य, विरामचिन्हांसकट. उतरेल म्हणून आजवर जपून ठेवलेले निकाल लोक एकमेकांच्या तोंडावर फेकत होते.

मी पेटी उलटी करून स्क्रू काढले. मोठी साक्षी आणि घरगुती साक्षी यांच्यात फरक फक्त लाकडाचा. आतल्या चिपवर बोट ठेवून सांगितलं: ही तुमचा हात बघत नाही. हिला बघायला कोणी सांगितलेलंच नाही. ही बटण मोजते आणि ठरलेल्या क्रमाने ठरलेली वाक्यं टाकते. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मौन म्हणजे तेवढंच, वीज घालवणं. माझ्यात काही उतरलेलं नाही, मी हिचा प्रोग्राम वाचलाय. विश्वास ठेवू नका माझ्यावर, बटण तिथे आहे, करून बघा. आणि लोकांनी दर वेळी भिंतीवरचं बटण बंद-चालू करून बघितलं. चष्म्याचं घर ठेवलं, पाण्याची बाटली ठेवली, कोणी किल्ल्यांचा जुडगा ठेवला. सगळे निर्मळ निघाले.

खोकेवाल्याचा आवाज बसला होता. म्हणाला, मी पण फसलोय. मला यंत्र असंच विकलं गेलं. आत काय आहे ते मला काय माहीत, मी काय इंजिनियर आहे?

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे केलं. "तुला माहीत नव्हतं, तर निकाल एकमेकांना सांगू नका हे कोणी सांगितलं? यंत्राने? मी प्रोग्राम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलाय. त्यात हा नियम नाही. तो तुझा आहे."

त्याने डोळे मिटले. या वेळी कोणी गप्प बसलं नाही.

लोक पिंपाकडे धावले. आपापली औषधं शोधायला हात घालायला लागले, पट्ट्या, बाटल्या, फुटलेलं काचसामान, सगळा काला. रांगेत एक औषधविक्रेते होते, त्यांनी सगळ्यांना हात बाहेर काढायला लावले. यातलं काहीही तोंडात घालू नका, आजच्या आज आपापल्या डॉक्टरकडे जा, बंद केलेलं औषध स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका, म्हणाले. खोकेवाला या गडबडीत जिन्याकडे सरकत होता. ड्रायव्हरकाकांनी त्याला परत आणला, दुकानदाराने पोलिसांना फोन लावला. मी पिंप त्याच्यासमोर आडवं केलं आणि त्याला जमिनीवर बसवलं. म्हटलं, पोलीस येईपर्यंत एकेक पट्टी उचल आणि वाच. औषधाचं नाव वाच, कशासाठी असतं ते विचार, हे तुला सांगतील. आणि तो वाचत बसला. हृदयाची. साखरेची. दम्याची. फिट्सची. नाव वाचलं की ज्याचं असेल तो त्याच्यापुढे येऊन नुसता उभा राहायचा. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि शेवटपर्यंत बघितलं. मला त्याची जराही दया आली नाही. आजही येत नाही.

त्याच दुपारी धाकटीला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते तिला भरपूर बोलले आणि गोळ्या नव्याने लिहून दिल्या. आई बाहेर बाकावर बसली होती. आत यायला लाजत होती.

आता लोक मला विचारतात, सगळ्यांनी का चिपा उघडायला शिकायचं? आम्हाला कसं जमणार? नका शिकू, बाबांनो. चमत्कार दाखवणाऱ्याचं यंत्र उघडता नाही आलं तरी दोन गोष्टी कोणालाही करता येतात. माणसाच्या जागी चप्पल ठेवून बघा. आणि शेजारणीला विचारा, तुला काय सांगितलं गं? जो तुम्हाला एकमेकांशी बोलू नका म्हणून सांगतो, तो कोणत्याही वेषात येवो, पेटी घेऊन येवो की पदवी घेऊन, त्याच्यापासून आधी औषधाची पिशवी लांब ठेवा. एवढ्याने निम्मे खोकेवाले उपाशी मरतील. मरू देत.

परवा जिन्याजवळची ती बाई घरी आली. नवऱ्याला अजून बोलता येत नाही. पदराखाली तिने स्वतःच्या घरातली साक्षी आणली होती. खटल्यात द्यायची म्हणाली, पण त्याआधी हिच्या आत काय आहे ते बघायचंय, तुम्ही उघडून दाखवा. मी पेचकस तिच्याच हातात दिला. ती म्हणाली, मला नाही हो येत यातलं काही.

म्हटलं, मलाही येत नव्हतं. राग येतो का त्याचा?

"येतो," ती म्हणाली. "झोप लागत नाही, इतका."

"मग बसा," मी म्हटलं, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.